साउइन विधीसाठी संगीताची निवड : प्रकल्प नोंदी

१४ ऑगस्ट २०२४

इंग्लंडमध्ये, यॉर्कशायरमधील नॉर्थ यॉर्क मूर्स या माळरानाच्या कडेला, एस्क नदीच्या खोऱ्यातील एका गावात पेगन (ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या निसर्गपूजक परंपरा मानणाऱ्या) मंडळींचा साउइनचा खुला विधी शनिवारी, २ नोव्हेंबरला होणार असून त्यातील संगीताची जबाबदारी मी आज स्वीकारली. साउइन हा ३१ ऑक्टोबरच्या रात्रीचा सण. सुगीचा शेवट आणि हिवाळ्याचा आरंभ म्हणून तो पाळला जातो, आणि गेलेल्या माणसांचे स्मरण हा त्याचा गाभा आहे. नोकरदारांना येता यावे म्हणून विधी जवळच्या शनिवारी ठेवला आहे. माझा व्यवसाय नाट्यगृहातील ध्वनिव्यवस्थेचा, आणि सांगलीत महिला भजनी मंडळात पेटी वाजवल्यामुळे समूहगायनाची थोडी जाण आहे. मी स्वतः पेगन नाही हे मंडळींना ठाऊक आहे आणि ते त्यांना सोयीचेच वाटते, कारण कोणत्या परंपरेचे गाणे घ्यावे यावरून त्यांच्यात जे तट आहेत त्यांपैकी एकातही मी नाही.

या नोंदी घरचे लोकही वाचतात, म्हणून थोडी पार्श्वभूमी. आधुनिक पेगन धर्माची, विशेषतः त्यातील विक्का या चेटूकविद्येला धर्म मानणाऱ्या पंथाची, सार्वजनिक वाटचाल फार जुनी नाही. इंग्लंडमधील १७३५चा चेटूकविषयक कायदा १९५१मध्ये रद्द झाला, १९५४मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी या पंथाची ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि डोरीन व्हॅलिएंटे यांनी त्याच्या विधींना आजही म्हटली जाणारी भाषा दिली. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म पेगन असा, तर सुमारे १३ हजार लोकांनी विक्का असा नोंदवला. विधीचे शब्द, क्रम आणि हातवारे यांची घडी या सत्तर वर्षांत बरीचशी बसली आहे. संगीताची तशी बसलेली दिसत नाही.

मागील वर्षांची प्लेलिस्ट ऐकली. तीत हार्प आहे, बासरी आहे, मागे सिंथेसायझरचा धूसर पडदा आहे, आणि अधूनमधून पावसाचा आवाज आहे. ती वाईट मुळीच नाही; मात्र मसाज केंद्रातही ती तितकीच शोभेल, हीच तिची अडचण आहे.

२२ ऑगस्ट

मुख्य पुरोहितेबरोबर बसून विधीचा क्रम कागदावर उतरवला. लोक सभागृहातून मशाली घेऊन कुरणात येतात. वर्तुळ आखले जाते. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर या क्रमाने दिशांचे आवाहन होते. पूर्वजांना बोलावले जाते. ज्याने त्याने आपल्या मृतांची नावे घ्यायची. मग गाणे, ढोल आणि फेर यांतून सामूहिक शक्ती जागवली जाते. त्यानंतर खाणे-पिणे, दिशांना उलट क्रमाने निरोप, आणि वर्तुळ मोकळे करणे. फेर सूर्याच्या चालीने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखाच उजवीकडून धरला जातो.

या क्रमातील प्रत्येक टप्प्यापुढे मी एकच प्रश्न लिहिला: येथे संगीताने नेमके काय करायचे आहे? मिरवणुकीत त्याने पावले जुळवायची आहेत. नावे घेताना, बोलणाऱ्याला एकटे वाटू नये आणि दोन नावांमधील शांतता अवघड होऊ नये, एवढेच त्याचे काम आहे. शक्ती जागवताना त्याने माणसांना स्वतःच्या संकोचातून बाहेर काढायचे आहे. खाण्याच्या वेळी त्याने त्यांना परत जमिनीवर आणायचे आहे. हे वेगवेगळे व्यवसाय आहेत, आणि ‘गूढ वाटणारे संगीत’ या एकाच कप्प्यातून ते भागवता येत नाहीत.

ध्वनिमुद्रणाचा दोष असा की त्याची लांबी ठरलेली असते आणि विधीची नसते. उत्तरेचे आवाहन करणारा माणूस गहिवरून दोन मिनिटे जास्त बोलला, तर ट्रॅक मध्येच संपून पुढचा सुरू होतो; तोच तुकडा फिरता ठेवला, तर सांध्याची जागा तिसऱ्या फेरीत कानाला कळते आणि मग कान त्या सांध्याचीच वाट पाहत बसतो. म्हणून असे ठरवले की वर्तुळ आखल्यापासून ते मोकळे होईपर्यंत जे वाजेल ते तेथे उभ्या असलेल्या माणसांनीच वाजवावे किंवा गावे, आणि स्पीकरचा उपयोग लोक जमत असताना व पांगत असताना तेवढा करावा. पुरोहितेला हे पटले; ढोलपथकाच्या प्रमुख बाईंना तर फारच पटले.

दिशांसाठी चार वाद्यांची कल्पना पुढे आली: वायूसाठी बासरी, अग्नीसाठी ढोल, जलासाठी खड्यांची खळखळणारी नळी, पृथ्वीसाठी दगडावर दगड. कागदावर ती सुबक दिसते. प्रत्यक्षात ऐकणारा दिशेकडे लक्ष देण्याऐवजी पुढचे वाद्य कोणते याकडे लक्ष देतो, म्हणून आवाहनाच्या वेळी केवळ शब्द राहावेत आणि प्रत्येक आवाहन संपताच घंटेचा एक टोल पडावा, एवढ्यावर मी ते आणले.

१० सप्टेंबर

काल स्टॅफर्डशायरमधील ॲबट्स ब्रॉम्ली येथे शिंगांचा नाच पाहिला. आमच्या मंडळींपैकी अनेकांना मिरवणुकीसाठी या नाचाची म्हणून ओळखली जाणारी चाल हवी आहे, आणि ती प्रत्यक्ष जागी कशी वाजते हे ऐकल्याशिवाय होकार देणे मला योग्य वाटत नव्हते.

रेनडिअरच्या शिंगांच्या सहा जोड्या वर्षभर गावच्या चर्चमध्ये असतात आणि सप्टेंबरातील या एका सोमवारी सकाळी बाहेर निघतात. सर्वांत मोठी जोडी ११ किलोंच्या आसपास भरते. कार्बन चाचणीने ही शिंगे अकराव्या शतकातील ठरली आहेत, त्यामुळे पेगन मंडळींना या नाचात ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या काळाचा धागा दिसतो. शिंगे खरोखरच जुनी आहेत. पण ज्या उदास, मायनर वळणाच्या चालीवर बाहेरचे लोक हा नाच रंगमंचावर करतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गावातील एका सुताराकडून टिपून घेतलेली आहे. आणि गाव स्वतः दिवसभर नाचते ते मेलोडियनवर वाजणाऱ्या उडत्या, सर्वांच्या ओळखीच्या चालींवर. शिंगे घेतलेली माणसे शेतांतून आणि पबच्या अंगणातून घामाघूम होऊन चालत असतात, शेजारी एक पोरगा ट्रँगल वाजवत असतो, आणि पाहणाऱ्यांच्या हातात बिअर असते. उदासी कोठेच नाही.

यातून मला जे हवे होते ते मिळाले. ब्रिटनमधील ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या विधींचा एक सूरही लिहून ठेवलेला आपल्यापर्यंत आलेला नाही, म्हणजे ‘प्राचीन केल्टिक विधिसंगीत’ या नावाने जे विकले जाते ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील स्टुडिओत घडलेले आहे. ते वापरू नये असे माझे म्हणणे नाही. जुनेपणाचा दाखला म्हणून ते वापरू नये, एवढेच. ती मायनर चाल मात्र मिरवणुकीला उत्तम आहे: दोन माणसांना मशाल सांभाळत जितके चालवेल तितकीच तिची गती आहे. ती कॉन्सर्टिनावर (हातात धरून वाजवायच्या छोट्या भात्याच्या पेटीवर) घ्यायचे ठरले, आणि तिची जी काही कथा पत्रकात छापायची ती खरी छापायची असेही ठरले.

१८ सप्टेंबर

आजची बैठक लांबली, आणि ती लांबण्यासारखीच होती.

मृतांना बोलावण्याच्या टप्प्यासाठी मी ‘लाइक-वेक डर्ज’ सुचवले आहे. हे याच भागाचे, यॉर्कशायरचे, प्रेताजवळ जागताना म्हणायचे गाणे. इंग्रज लेखक जॉन ऑब्री यांनी ते १६८६च्या सुमारास लिहून ठेवले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत येथे अंत्यविधीला एक बाई येऊन ते गात असे असेही नोंदवले. त्यातील आशय असा: आज रात्री तू निघालास, प्रथम काटेरी झुडपांचे माळरान लागेल, जिवंतपणी कोणाला जोडे दिले असशील तर तेथे बसून ते पायांत घाल, दिले नसशील तर काटे हाडापर्यंत रुततील. पुढे भयाचा पूल आहे, त्यापुढे शुद्धीचा अग्नी. कोणाला अन्नपाणी दिले असशील तर त्या अग्नीची झळ लागणार नाही.

मराठी घरातील कोणालाही हे ऐकताच वैतरणी आठवेल, आणि अंत्येष्टीनंतर दिले जाणारे जोडे, छत्री व गोदान आठवेल. आमच्याकडे आजीच्या तेराव्याला जोड्यांचा नवा जोड देताना भटजींनी हेच सांगितले होते की वाट तापलेली आणि काट्यांची आहे. दोन्हींचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध आहे असे मी म्हणत नाही. परंतु देशावरून आलेल्या बाईला, पितृपक्ष लागला असताना, यॉर्कशायरच्या माळावरचे हे गाणे समजावून सांगावे लागत नाही, हे मी बैठकीत सांगितले आणि त्याचा उपयोग झाला.

अडचण अशी की प्रत्येक कडव्याच्या शेवटी ख्रिस्ताने तुझा आत्मा स्वीकारावा अशी ओळ येते. पेगन विधीत ही ओळ कशी म्हणायची? काहींनी तेथे ‘धरती’ घालावी असे सुचवले, एकाने देवीचे नाव सुचवले, आणि लहानपणी कडक धर्मशिस्तीत वाढलेल्या एका सभासदाने मला ती ओळ तोंडातून काढवणार नाही असे शांतपणे सांगितले. ही हरकत चवीची नव्हती, आणि ती तशी कोणी घेतलीही नाही.

माझे मत असे पडले की ओळ बदलू नये. ज्यांना आपण बोलावणार आहोत ते या खोऱ्यातील बहुसंख्य मृत ख्रिस्ती होते, आणि त्यांना त्यांच्याच गाण्यातून खोडून पाहुणे म्हणून बोलावणे हा आतिथ्याचा विचित्र प्रकार झाला असता. शिवाय धरती घातल्याने गाण्याचा अर्थही कोसळतो, कारण त्यातील हिशेब जोडे आणि भाकरी यांचा आहे; निसर्ग असा हिशेब मागत नाही. शेवटी असे ठरले की डर्ज मूळ शब्दांत, एकटी गायिका, वर्तुळाच्या बाहेर उभी राहून गाईल. आत उभे असलेले कोणीही ते म्हणणार नाहीत; ते फक्त ऐकतील. जागा बदलल्याने वाद मिटला. ऑब्रींच्या नोंदीतील बाईही बाहेरून येऊनच गात असे, हे पुरोहितेच्या लक्षात आले आणि ती खूश झाली.

२६ सप्टेंबर

शक्ती जागवण्याच्या टप्प्यासाठी घोष निवडले. कसोट्या रोकड्या ठेवल्या. ओळी चारपेक्षा जास्त नकोत, कारण अंधारात कागद वाचता येत नाही. चाल पाच सुरांच्या आत राहावी. दोन ओळींमध्ये श्वासाची जागा अशी असावी की अर्धे लोक श्वास घेत असताना उरलेल्या अर्ध्यांनी गाणे धरून ठेवावे. आणि शब्द असे नकोत की ते म्हणताना माणूस मनात व्याकरण लावत बसेल. पट्टी पांढरी दोन. बायका आणि पुरुष दोघांनाही ती आपापल्या सप्तकात सोसते.

या कसोट्यांवर सर्वांत चांगला उतरतो तो अमेरिकन लेखिका डीना मेट्झगर यांचा देवींच्या नावांचा घोष, जो १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून इंग्रजी बोलणाऱ्या पेगन जगात सर्वत्र म्हटला जातो. त्यात सातच शब्द आहेत आणि सातही नावे आहेत: आयसिस, अस्टार्टी, डायना, हेकटी, डिमीटर, काली, इनाना. काली हे नाव आल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला ते खटकले नाही. नामावळीत नाव येणे ही आपल्याकडे सन्मानाचीच रीत आहे, आणि पुजलेल्या दैवताचे नाव घ्यायला कोणाचा परवाना लागत नाही.

याच बैठकीत मी दोन गोष्टींना नकार दिला. जुन्या प्लेलिस्टमध्ये एका अनोळखी गटाने म्हटलेले बीजमंत्र होते. उच्चार इतके बिघडलेले होते की ते मंत्र आहेत हे मला दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळले, आणि ते लोक जमत असताना पार्श्वसंगीत म्हणून लावले जात होते. ते काढले. दुसरे, ढोलपथकाच्या प्रमुख बाईंनी गोंधळाचा व्हिडिओ पाहिला होता आणि त्यांना संबळ हवा होता. संबळाचा आवाज कोणालाही हवाहवासा वाटेल, याबद्दल वाद नाही. परंतु गोंधळात संबळ अंबाबाई, रेणुका, तुळजाभवानी यांना नावाने बोलावतो, गोंधळी ते काम नवसाने आणि वंशपरंपरेने करतो, आणि कडाडणारा ठेका म्हणून तो उचलून आणला तर हाती फक्त कडाडणे येते. शिवाय येथे तो वाजवणारे कोणी नाही, हे कारण सर्वांना अधिक पटले.

३ ऑक्टोबर

ठेक्याच्या गतीबद्दल आज लिहून ठेवते, कारण या विषयावर सर्वांत जास्त ठाम मते ऐकायला मिळत आहेत.

ढोल मिनिटाला दोनशेच्या वर ठोक्यांनी एकसारखा वाजवला की मेंदू त्या लयीला जुळतो आणि तंद्री लागते, असे मंडळींपैकी बहुतेक जण मानतात. या समजुतीमागे दोन नावे आहेत. अँड्र्यू नेहर यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी ढोलाच्या ठोक्यांचा मेंदूच्या विद्युत्तरंगांशी संबंध जोडला, आणि मायकेल हार्नर यांनी १९८०मध्ये आपल्या शमन-साधनेच्या पुस्तकात वेगवान ढोलाला मध्यवर्ती स्थान दिले. फ्रेंच अभ्यासक झिल्बेर रूझे यांनी त्याच वर्षी संगीत आणि संचार यांवरील ग्रंथात याला विरोध केला: केवळ ठोक्यांनी संचार होत असता तर ढोल वाजेल तेथे प्रत्येक ऐकणाऱ्याला तो झाला असता, संगीताला ती ताकद त्या समाजाने त्याला दिलेल्या अर्थातून आणि प्रसंगातून मिळते. मी रूझेंच्या बाजूची आहे. लग्नाच्या वरातीत हलगी कितीही घुमली तरी तेथे कोणाच्या अंगात येत नाही; देवीच्या चौकात तिच्याहून हळू वाजणाऱ्या संबळावर येते.

म्हणून गतीचा आकडा ठरवण्याऐवजी गती चढवण्याची रीत ठरवली. भजनात पखवाजवाला हे काम करतो: तो गजराच्या आधी टाळकऱ्यांना कळण्याच्या आत लय किंचित सारतो, टाळकरी ती स्वीकारतात, तेवढ्यात तो पुन्हा सारतो, आणि टिपेला पोहोचल्यावर सगळ्यांना वाटते की आपणच तेथे आलो. आमच्या ढोलवाल्या बाई एडिनबरोत कॅल्टन हिलवर १९८८पासून ३० एप्रिलच्या रात्री होणाऱ्या बेल्टेन अग्न्युत्सवात वाजवून आलेल्या आहेत, आणि त्यांना सुरुवातीपासूनच जोर लावायची सवय आहे. तेथे हजारो प्रेक्षक असतात, त्यामुळे ते योग्यच आहे. येथे प्रेक्षक कोणीच नाही. मिनिटाला साठच्या आसपास सुरू करून पहिली तीन आवर्तने गाणाऱ्यांच्या मागे राहायचे, मगच पुढे व्हायचे, हे त्यांनी मान्य केले.

शेवट चढत्या लयीतच, पुरोहितेचा हात वर जाताच, एका ठोक्यावर तोडायचा आहे. हळूहळू विरत जाणारा शेवट येथे चालत नाही, कारण जागवलेली शक्ती एका क्षणी सोडायची असते, अशी विधीची कल्पना आहे. त्यानंतर भाकरी आणि सफरचंदाचा रस वाटेपर्यंत काहीही वाजणार नाही, आणि मग कॉन्सर्टिनावर साध्या नाचाच्या चाली. ज्यांना गरगरल्यासारखे होते त्यांना पोटात काहीतरी जाणे आणि ओळखीची, किंचित बाळबोध चाल ऐकू येणे, हे दोन्ही लागते.

११ ऑक्टोबर

हे मुख्य विधीशी लगतचे, पण थोडे वेगळे काम. मंडळींपैकी एकाला घरी, एकट्याने करायच्या शनीच्या साधनेसाठी संगीत हवे आहे, आणि त्याने पुनर्जागरणकाळातील ग्रहसंगीताचे कोष्टक आणून दिले. ते वाचण्यात संध्याकाळ गेली.

फ्लॉरेन्सचे मार्सिलिओ फिचिनो यांनी १४८९च्या आपल्या ग्रंथात ग्रहांचे गुण स्वरांतून उतरवण्याचे नियम दिले. ते स्वतः वीणेसारख्या वाद्यावर ऑर्फिक (प्राचीन ग्रीक) स्तोत्रे गात असत. त्यानंतर कॉर्नेलिउस आग्रिप्पा यांनी गूढविद्येवरील त्रिखंडात, १५३३मध्ये, स्वरपंक्ती आणि ग्रह यांच्या जोड्या लावल्या: डोरियन सूर्याची, फ्रिजियन मंगळाची, लिडियन गुरूची, मिक्सोलिडियन शनीची. या पंक्ती आपल्या थाटांत मांडल्या तर अनुक्रमे काफी, भैरवी, कल्याण आणि खमाज येतात. कल्याण गुरूचा, हे कोणाही मराठी कानाला लगेच पटेल. भैरवी मंगळाची हे पचायला जड जाते, आणि खमाज शनीचा म्हटल्यावर तर ठुमरी ऐकलेल्या माणसाला हसू आवरत नाही. यावरून कोष्टक चुकीचे ठरत नाही. स्वरांचे भाव त्या त्या गाणाऱ्या समाजात घडतात, एवढेच यावरून दिसते. भर म्हणून, मध्ययुगात ही ग्रीक नावे वेगळ्याच पंक्तींना चिकटली, त्यामुळे आग्रिप्पांचा डोरियन हा प्राचीन ग्रीकांचा डोरियन नव्हेच.

विसाव्या शतकात गूढविद्येचे इंग्रज साधक ॲलिस्टर क्रोली यांनी १९१०मध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये सात ग्रहांचे सात विधी तिकीट लावून केले, तेव्हा लीला वॉडेल या ऑस्ट्रेलियन व्हायोलिनवादिकेने त्यांत व्हायोलिन वाजवले. तेथे कोष्टक बाजूला ठेवून तत्कालीन मैफलीचे संगीतच वापरले गेले, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. तिच्या हाताला जे येत होते ते तिने मनापासून दिले.

शनीसाठी मी फिचिनोंकडे परत गेले. त्यांच्या मते गुरू, सूर्य, शुक्र आणि बुध यांना गाणे आहे, पण शनी, मंगळ आणि चंद्र यांना केवळ आवाज आहे, आणि शनीचा आवाज संथ, खोल, घोगरा आणि विलापाचा. म्हणजे चालच नको. खर्जातील एक अखंड सूर, वाटल्यास त्यावर पंचमही नाही, आणि साधकाने स्वतःच्या आवाजात त्यावर बोलावे. हे उत्तर मुख्य विधीलाही लागू पडले: २ नोव्हेंबर शनिवारच आहे, आणि मृतांची नावे घेण्याच्या टप्प्याला नेमके असेच काहीतरी हवे होते. ब्रिटनमधील लोकगायक गेली काही दशके आपली सूरपेटी वापरतात, त्यामुळे ती आमच्या गायिकेकडे आहेच. नावांच्या वेळी सूरपेटीचा एकच खालचा सूर चालू राहील. कितीही नावे आली तरी भाता ओढत राहता येतो.

१९ ऑक्टोबर

कुरणातील तालीम. काही गोष्टी घरात बसून सुचल्या नसत्या.

वर्तुळाचा व्यास सोळा मीटरच्या आसपास होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे समोरच्या ढोलाचा ठोका आपल्यापर्यंत येईपर्यंत सेकंदाचा विसावा भाग उलटून जातो, आणि लय वाढली की दोन टोकांचे ढोलवाले प्रामाणिकपणे वाजवूनही एकमेकांपासून निसटतात. त्यामुळे सर्व ढोल मध्यभागी, शेकोटीजवळ आणले. त्याने दुसरे कामही झाले: येथील बाऊरान (डफासारखे आयरिश ढोल) बोकडाच्या कातड्याचे असतात, ऑक्टोबरातील दमट हवेत ते अर्ध्या तासात सैल पडून भद्द वाजू लागतात, आणि आमच्याकडे हलगीवाले शेकतात तसेच ते शेकून घ्यावे लागतात. बाईंनी कातडे आगीपासून हातभर लांब धरून, तळव्याने तपासत, गोल फिरवून शेकले. अंगठ्याने टिचकी मारताच आवाज चढलेला कळला. एक ढोल प्लास्टिकच्या पडद्याचा, पावसासाठी राखून ठेवला आहे.

उघड्यावर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत येत नाही, म्हणून तो ताणून गातो आणि सूर उतरतो. डर्ज गाणाऱ्या बाईंना सभागृहाच्या दगडी भिंतीकडे पाठ करून, भिंतीपासून चार पावलांवर उभे केले. आवाज लगेच भरला, आणि शब्दांच्या अखेरची व्यंजने शेकोटीपलीकडेही स्पष्ट पोहोचली.

परवानगीचे काम आटोपले. सभागृहाकडे पीआरएस आणि पीपीएल या संगीतहक्क सांभाळणाऱ्या संस्थांचा एकत्रित परवाना आहे. पारंपरिक गाण्यावर कोणाचा हक्क नाही, मात्र त्याच्या नव्या संयोजनावर असतो, रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क निराळाच असतो. हे सर्व विधीचा व्हिडिओ काढू पाहणाऱ्यांना समजावले. परिणामी व्हिडिओ काढायचा नाही असे ठरले, जे मला मनातून हवेच होते.

२८ ऑक्टोबर

काल घड्याळे मागे गेली. आता साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, म्हणून लोक जमण्याची वेळ पाच केली आहे. ते जमत असताना सभागृहात स्पीकरवर तेराव्या शतकातील इंग्रजी गीते आणि कॉर्नवॉल व नॉर्थम्बरलँडमधील लोकवादकांची ध्वनिमुद्रणे, आवाज बोलण्याच्या खाली. मिरवणुकीला कॉन्सर्टिना. दिशांना घंटेचा टोल. बाहेरून डर्ज. नावांना सूरपेटी. मग सात नावांचा घोष आणि ढोल. भाकरीनंतर नाचाच्या चाली, आणि निरोपाच्या दिशांना पुन्हा टोल. नेतृत्व करणाऱ्या प्रत्येकाला संगीत कोणत्या खुणेने थांबेल तेवढेच लिहून दिले आहे. कधी सुरू होईल ते आम्ही पाहू.

३ नोव्हेंबर

विधी झाला. पाऊस आला नाही, वारा होता.

नावांचा टप्पा अंदाजापेक्षा फारच लांबला. सुरुवातीला लोक एकेक नाव घेऊन गप्प होत होते. मग एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खाणीत गेलेल्या आपल्या सोबत्यांची नावे ओळीने घेतली, आणि त्यानंतर कोणालाच एका नावावर थांबता आले नाही. सूरपेटीवाल्या बाईंचा हात भरून आला तेव्हा मी भाता घेतला. बदल कोणाच्या लक्षात आला नाही. तेथे ठरलेल्या लांबीचा ट्रॅक असता तर त्या गृहस्थांचे निम्मे सोबती राहून गेले असते. मीही माझ्या लोकांची नावे घेतली, आडनावांसकट, जशी घरी घेतो तशी.

डर्ज ऐकताना आतील वर्तुळात कोणी हलले नाही. ज्या सभासदाला ती ओळ नको होती तो नंतर येऊन म्हणाला की ऐकणे जमले, म्हणणे जमले नसते, आणि हीच व्यवस्था पुढेही ठेवा. घोष अपेक्षेपेक्षा लवकर चढला, कारण माणसे इतका वेळ उभी राहून गारठली होती आणि त्यांना हलायचेच होते. बाईंनी मागे राहण्याचे आपले वचन पहिल्या दोन आवर्तनांपुरते पाळले, तिसऱ्यात त्या पुढे गेल्या, आणि वर्तुळ त्यांच्यामागे आनंदाने गेले. त्या क्षणी मीही त्यांना थांबवले नसते.

पुढचे काम युलचे, म्हणजे हिवाळ्यातील सर्वांत लांब रात्रीच्या सणाचे, २१ डिसेंबरला. शेफील्डच्या आसपासच्या गावांतील पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत स्थानिक कॅरल्स (नाताळची गाणी) गातात. चर्चमधील प्रमाण गीतसंग्रहांबाहेरच्या त्यांच्या चाली भरघोस आहेत आणि त्या गायला लोकांना कागद लागत नाही. त्या ऐकायला ढोलवाल्या बाई आणि मी जाणार आहोत. गाणी येशूच्या जन्माची आहेत, म्हणजे सप्टेंबरातील वाद पुन्हा होणार, आणि या वेळी सगळ्यांना स्वतः गायचे असल्यामुळे गायिकेला बाहेर उभे करून तो मिटणार नाही. त्यासाठी पुढच्या बैठकीतील पहिला तास राखून ठेवला आहे.